न मिळाल्याची सोय

संपर्काच्या साधनांचे मूल्यमापन प्रामुख्याने ती साधने बनवणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी केलेले असल्यामुळे, संदेश किती वेगाने गेला, किती दूर गेला आणि किती जणांपर्यंत पोहोचला, या तीन मापांभोवतीच हा अभ्यास बराच काळ घुटमळत राहिला. ज्याच्यापर्यंत तो संदेश पोहोचला त्याला तो हवा होता का, हा प्रश्न शास्त्राचा नसून शिष्टाचाराचा आहे असे मानून बाजूला ठेवला गेला. पुढे १९५९ साली एलिहू कॅट्झ या समाजशास्त्रज्ञाने माध्यमे माणसांचे काय करतात हे विचारणे थांबवून माणसे माध्यमांचे काय करतात हे विचारावे असे सुचवले आणि त्यातून 'उपयोग व समाधान' या नावाने ओळखला जाणारा दृष्टिकोन वाढला. म्हणजे माणूस आपली एखादी गरज भागवण्यासाठी माध्यम निवडतो, माध्यम माणसाला निवडत नाही, असे मानणारा दृष्टिकोन. १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप मांडले आणि कोणतेही नवे साधन लोक स्वीकारतील की नाही हे दोन गोष्टींवर ठरते असे प्रतिपादन केले: ते उपयोगी आहे असे वापरणाऱ्याला वाटणे आणि ते वापरायला सोपे आहे असे वाटणे. दोन्ही सिद्धांत आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र दोन्ही ज्या समाजांत मांडले गेले तेथे सासुरवाडीचे फोन, भिशीचे निरोप आणि सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा यांचा विचार झालेला नसावा, असे वसई-विरारच्या अनुभवावरून म्हणावे लागते.

या परिसरातील वापरकर्ता साधनाची परीक्षा आणखी एका कसोटीवर करतो, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा कडक असते. तिला सोयीसाठी 'न मिळाल्याची सोय' म्हणता येईल. संदेश प्रत्यक्षात मिळालेला असतानाही, कोणाचाही अपमान होऊ न देता आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता, तो मिळालाच नाही असे म्हणण्यासाठी त्या साधनाने ठेवलेली जागा, अशी तिची व्याख्या करता येते. ही जागा ज्या साधनात प्रशस्त असते ते लोकप्रिय होते, ज्यात ती अरुंद असते त्याची भीती वाटते, आणि ज्यात ती मुळीच नसते त्याच्याविरुद्ध लोक युक्त्या शोधून काढतात.

या अभ्यासासाठी वसई-विरारची निवड करण्यामागे कारण आहे. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या चार स्थानकांभोवती पसरलेल्या या शहराची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेत येथे बारा लाखांहून अधिक वस्ती नोंदवली गेली, आणि त्या वस्तीतील नोकरदार मंडळी रोज सकाळी साठ किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला निघून रात्री परत येतात. म्हणजे दिवसाचे बारा-चौदा तास घरातील एक भाग दुसऱ्या भागापासून दूर असतो आणि या अवधीत गॅस सिलिंडर, शिकवणीची फी, पाहुणे, कोथिंबीर आणि पाणी यांविषयीचे सर्व व्यवहार केवळ संपर्काच्या साधनांवर चालतात. शिवाय या भूमीला संदेशवहनाची परंपरा बावीस शतकांहून अधिक आहे, ही गोष्ट नालासोपाऱ्याला केवळ गर्दीचे स्थानक समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी.

सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. आठव्या आज्ञापत्राचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. अशोकाचे हे मोठे आज्ञालेख एकूण चौदा. त्यांपैकी येथे दोनच हाती लागले, यावरून या भागात मोठा संदेश पूर्ण न उतरण्याची अडचण तेव्हापासूनची आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा. वापरकर्त्याच्या दृष्टीने पाहता दगड हे अत्यंत समाधानकारक साधन ठरते. पाठवणारा सम्राट असूनही कोणी वाचले आणि कोणी नुसते समोरून गेले हे कळण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता. उत्तर द्यावे अशी अपेक्षा नव्हती. आणि संदेश मागे घेण्याची सोय नसल्यामुळे रात्री कोरून सकाळी पश्चात्ताप होण्याचा प्रसंगही पाठवणाऱ्यावर येत नव्हता. पुढे ब्राह्मी लिपीच विस्मरणात गेली, आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी तिचा उलगडा करेपर्यंत कित्येक शतके हा संदेश पोहोचलेला, समोर दिसणारा आणि तरीही न वाचलेला असा राहिला. न मिळाल्याची सोय याहून मोठ्या प्रमाणावर कोणत्याही साधनाने दिलेली नाही.

नवव्या आज्ञापत्राचा आशय या संदर्भात विशेष विचारात घेण्यासारखा आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांतील पुष्कळशी क्षुल्लक असतात, त्यांचे फळ थोडे असते, आणि त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे यांचे फळ मोठे, असे सम्राटाने त्यात सांगितले आहे. आज भुईगावातील किंवा विरारमधील कोणताही भ्रमणध्वनी उघडून पाहिला तर 'लवकर बरे व्हा', 'नांदा सौख्य भरे', 'बाळाचे स्वागत' आणि 'हॅपी जर्नी' हेच चार प्रसंग फुलांच्या चित्रांसह दिवसभर वाहताना दिसतात. म्हणजे सम्राटाने ज्या चार प्रसंगांवर बोट ठेवले होते ते चारही शाबूत आहेत आणि त्याचा सल्ला मात्र वस्तुसंग्रहालयात आहे. यात सम्राटाचा दोष नाही; सूचना फलकावर लिहिली की लोक फलक पाहतात आणि सूचना सोडतात, एवढेच त्यातून सिद्ध होते.

दगडानंतरचे महत्त्वाचे साधन म्हणजे घंटा. पोर्तुगीज काळात वसईच्या चर्चमधून वाजणाऱ्या घंटा हे एका ठिकाणाहून सर्वांना एकाच वेळी कळवण्याचे साधन होते, आणि वसईच्या ख्रिस्ती वाड्यांमधून ते आजही चालू आहे. घंटेचा संदेश एकच, 'या' असा, आणि त्याला ध्वनीपलीकडे मजकूर नसल्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संभवत नाहीत. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यानंतर यांपैकी काही घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरात टांगलेली घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथील घंटांचाही असाच इतिहास सांगितला जातो. तांत्रिक दृष्टीने ही घटना असामान्य आहे. कंपनी बदलली तरी ग्राहकाचा क्रमांक तोच राहावा, या सोयीला आज 'पोर्टेबिलिटी' म्हणतात, आणि ती देशभर लागू व्हायला २० जानेवारी २०११ हा दिवस उजाडावा लागला. मराठ्यांनी मात्र मिस्सेसाठी बनवलेले यंत्र काहीही न बदलता आरतीसाठी चालू करून दाखवले, त्यासाठी ओळखपत्राची छायाप्रत मागितली नाही आणि ग्राहकाला सात दिवस थांबायलाही लावले नाही. 'नारोशंकराची घंटा' ही मराठीत मोठ्या, न लपणाऱ्या आवाजाची खूण होऊन बसली, हा या यंत्राच्या गुणवत्तेचा आणखी एक दाखला.

घंटेत न मिळाल्याची सोय मात्र मर्यादित असते. ऐकू आली नाही असे म्हणणाऱ्याला लोक वैद्याकडे पाठवतात. तरीही घंटा कोण आले आणि कोण आले नाही याची नोंद स्वतः ठेवत नाही, ते काम शेजारी करतात, आणि शेजाऱ्यांशी बोलून काही ना काही मार्ग निघतो. यंत्राशी तसा निघत नाही.

टपालाबद्दल येथे फार लिहिण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक वर्षे या खात्याने देशातील नातेसंबंध सांभाळले ते पत्रे पोहोचवून जितके, तितकेच न पोहोचलेल्या पत्रांचा आळ मुकाट्याने आपल्यावर घेऊन. लग्नाला न जाण्यासाठी 'पत्रिका मिळालीच नाही' हे कारण पुरेसे असे, आणि ते खोटे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही संबंध टिकत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडने, जो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साकारला, पत्र योग्य गावी जाण्याची शक्यता वाढवली. विरारला ४०१३०३ मिळाल्यावर पत्र दुसऱ्याच गावी गेले असे सांगणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. तार हे त्याहूनही अडचणीचे साधन होते. ती सही घेऊन हातात दिली जाई, ती आली म्हणजे कोणी तरी गेले असेच घरातील सर्वांना वाटे, आणि ती न उघडता ठेवण्याचे धैर्य कोणात नसे. शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांक घालून तयार ठेवलेली असत. पाठवणारा क्रमांक सांगे आणि मिळणाऱ्याला दुसऱ्याने लिहिलेल्या भावना मिळत. आज जे 'फॉरवर्ड' म्हणून ओळखले जाते त्याचा उगम येथे शोधता येईल, एवढाच फरक की तारखात्यात प्रत्येक वेळी पैसे भरावे लागत आणि त्यामुळे माणसे एकदाच पाठवून थांबत. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या.

दूरध्वनीच्या बाबतीत वसईची परिस्थिती भौगोलिकदृष्ट्या चमत्कारिक होती. वसईच्या खाडीच्या दक्षिणेला भाईंदर मुंबईच्या ०२२ या क्रमांकाखाली, तर खाडी ओलांडली की ०२५० हा वेगळा क्रमांक. परिणामी माणूस रोज लोकलने ज्या कचेरीत जात असे, त्याच कचेरीत घरून फोन करायचा झाला की तो बाहेरगावचा फोन ठरे. लोकलच्या पासात जे अंतर उपनगरात मोडत होते ते दूरध्वनीच्या बिलात परगावात मोडत होते, आणि दोन सरकारी खात्यांनी एकाच माणसाला एकाच वेळी मुंबईकर आणि बाहेरचा ठरवण्याचा हा प्रकार येथील रहिवाशाने विशेष तक्रार न करता स्वीकारला, कारण त्यातही सोय होती: 'एसटीडी लागत नाही' हे वाक्य कोणालाही पडताळता येत नसे.

ज्यांच्या घरी फोन नसे त्यांच्या लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्यांचा क्रमांक कंसात 'पी. पी.' असे लिहून दिलेला असे. याचा व्यवहारातील अर्थ असा की फोन शेजारच्या कुलकर्ण्यांकडे यायचा, कुलकर्ण्यांचा मुलगा तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर धावत जायचा, आणि तोवर फोन करणाऱ्याचे मीटर पळत राहायचे. शेवटी ज्याच्यासाठी फोन आला तो धापा टाकत येऊन 'हॅलो' म्हणे तेव्हा बोलायला वेळ उरलेला नसे, म्हणून बातमी कुलकर्णीकाकूंनाच आधी सांगून ठेवलेली असे. एकाच वेळी चार-पाच जणांना बोलणे ऐकू येण्याची ही व्यवस्था नंतर 'कॉन्फरन्स कॉल' या नावाने महाग विकली गेली. पाठोपाठ पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओ केंद्रे आली. तेथे लाल आकड्यांचे मीटर समोर दिसत असल्यामुळे आखातात नोकरीला असलेल्या नवऱ्याशी बोलताना प्रेम आणि मुद्दा यांपैकी मुद्दा आधी बोलावा लागे, आणि रात्री उशिरा दर उतरत असल्यामुळे उरलेले प्रेम तेव्हासाठी राखून ठेवले जाई. मागे रांगेत उभे असलेले लोक काहीही ऐकत नसल्याचा अभिनय करीत.

भ्रमणध्वनी आल्यावर, आणि विशेषतः २००३ पर्यंत येणाऱ्या फोनलाही पैसे पडत असल्यामुळे, वापरकर्त्यांनी स्वतः एक साधन शोधून काढले, जे कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेले नाही. ते म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे 'गाडीत बसलो', दोन म्हणजे 'स्टेशनला उतरलो, भात लाव', आणि लागोपाठ तीन वेळा म्हणजे 'पैसे नाहीत, तूच लाव'. संदेशवहनाचा खर्च शून्य, अर्थ पूर्ण, आणि न मिळाल्याची सोय अमर्याद, कारण एक रिंग की दोन याबद्दल प्रामाणिक मतभेदाला नेहमी वाव असे. डेव्हिस यांच्या प्रारूपाने पाहिले तर मिस्ड कॉल हे साधनच नव्हे, साधन वापरण्याचे टाळणे आहे. पण उपयोग आणि सोपेपणा या दोन्ही निकषांवर त्याने भल्याभल्यांना मागे टाकले होते हे मान्य करावे लागते.

हा सुवर्णकाळ नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने संदेश वाचला गेल्याची खूण म्हणून दोन निळ्या बरोबरच्या खुणा दाखवायला सुरुवात केली. वेगवान, स्वस्त आणि सोपे असे हे साधन पहिल्या दोन्ही कसोट्यांवर पैकीच्या पैकी गुण मिळवणारे, पण तिसऱ्या कसोटीवर त्याने वापरकर्त्याला उघड्यावर आणले. ओरड इतकी झाली की त्याच महिन्यात या खुणा बंद करण्याची सोय देणे कंपनीला भाग पडले, मात्र त्यात तिने एक अट घातली: जो स्वतःच्या खुणा बंद करील त्याला दुसऱ्यांच्याही दिसणार नाहीत. आधुनिक तंत्रज्ञानातील निखळ न्याय म्हणता येईल अशी ही बहुधा एकच तरतूद असावी, आणि म्हणूनच ती कोणाला आवडत नाही.

वसई-विरारकरांनी यावर प्रतिउपाय शोधले. संदेश न उघडता पडद्यावरच्या सूचनेतून वाचणे हा त्यांतला प्राथमिक उपाय. तो सर्वत्र चालतो. खास स्थानिक उपाय म्हणजे वसईची खाडी. भाईंदर आणि नायगाव यांमधील पूल ओलांडायला गाडीला काही मिनिटे लागतात, परंतु 'खाडीवर रेंज नव्हती' या वाक्यातील खाडी बोरिवलीला सुरू होऊन विरारच्या रिक्षा थांब्यापर्यंत येते, आणि तिला भरती-ओहोटी वापरकर्त्याच्या गरजेनुसार येते. ज्यांच्या प्रवासात एवढे मोठे पाणी लागत नाही अशा डोंबिवलीकरांना आणि पुणेकरांना ही नैसर्गिक साधनसंपत्ती उपलब्ध नाही, हे तुलनात्मक अभ्यासात नमूद करायला हवे.

मात्र लोकलमध्ये न मिळाल्याची सोय बहुतेक वेळा खोटी नसते. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, आणि ती दिवसातून एकच होती. त्यामुळे कोणती गाडी, कोणत्या फलाटावर, किती डब्यांची, जलद की धीमी, हे विचारण्याचे कारण नव्हते. आज गाड्या पुष्कळ आहेत, पंधरा डब्यांच्याही आहेत, आणि प्रवाशाला माहिती देणारी साधने गाड्यांहूनही जास्त आहेत. फलाटावरचा इंडिकेटर आहे, तीन भाषांतील उद्घोषणा आहे, आणि मुंबईत सचिन टेके यांनी तयार केलेले 'एम-इंडिकेटर' हे अॅप आहे, ज्यात प्रवासीच एकमेकांना गाडी कोठे अडकली आहे ते कळवत असतात. इंडिकेटरवर दोन मिनिटे दाखवणारी गाडी पाच मिनिटांनीही दोनच मिनिटांवर असते, तेव्हा तो आकडा वेळेचा नसून धीराचा आहे असे अनुभवी प्रवासी मानतो. उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत होत असल्यामुळे एकच उशीर तीनदा ऐकावा लागतो. त्यातही फलाट बदलल्याची सूचना असली तर तिसरी भाषा संपेपर्यंत गाडी सुटण्याच्या बेतात असते.

म्हणूनच प्रवासी या सर्वांहून अधिक विश्वास ज्या साधनावर ठेवतो ते म्हणजे दुसऱ्याचे पाय. पुलावरची माणसे एकाएकी फलाट तीनकडे धावू लागली की विचारपूस न करता धावायचे, हे येथील मुलांना शाळेत जाण्यापूर्वी कळलेले असते. या साधनाला वीज लागत नाही, भाषा लागत नाही, आणि ते चुकले तरी दोष देण्याजोगा कोणी एक माणूस नसतो. सगळेच धावले, म्हणून आपणही धावलो. पहिला माणूस का धावला याचा शोध घेण्याचे प्रयत्न झालेले नाहीत, आणि ते न झालेलेच बरे, कारण तो बहुधा स्वच्छतागृहाकडे निघालेला असतो.

डब्यात शिरल्यावर परिस्थिती पुन्हा बदलते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहितीच्या सिद्धांतात पाठवणारा, वाहिनी, स्वीकारणारा आणि वाहिनीत मिसळणारा गोंगाट असे घटक असतात, आणि गोंगाट वाढला की तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवावा लागतो, म्हणजे अनावश्यक भासणारी पुनरुक्ती मुद्दाम ठेवावी लागते. सकाळच्या विरार लोकलमध्ये हा सिद्धांत दोन शब्दांत राबवला जातो: 'अंधेरी उतरणार?' हा प्रश्न मागचा माणूस पुढच्याला विचारतो. उत्तर 'हो' असले तर प्रश्न तेथेच थांबतो. 'नाही' असले तर विचारणारा आणि विचारलेला यांच्या जागा कशा तरी अदलाबदल होतात आणि प्रश्न त्याच्याही पुढच्याकडे जातो. याप्रमाणे संदेश दारापर्यंत पोहोचेतो माणूसही दारापर्यंत पोहोचलेला असतो. संदेश आणि संदेश पाठवणारा एकाच वाहिनीतून, एकाच वेगाने, एकमेकांना धरून जातात अशी दुसरी व्यवस्था दूरसंचाराच्या इतिहासात नाही. बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याने विरारच्या जलद गाडीत हा प्रश्न विचारू नये, त्याचे उत्तर कोणत्याही भाषेत समाधानकारक येत नाही.

या अवस्थेत भ्रमणध्वनी खिशात वाजतो, थरथरतो, पुन्हा वाजतो, आणि त्याच्या मालकाला तो दिसत नाही, कारण उजवा हात वरच्या कडीला, डावा दुसऱ्या कोणाच्या तरी दप्तराखाली, आणि खिसा तर तिसऱ्याच माणसाच्या गुडघ्याशी असतो. घरून आलेला 'येताना नारळ आण' हा संदेश पोहोचतो, त्याच्या दोन करड्या खुणा घरी दिसतात, त्या निळ्या होत नाहीत, आणि घरात असा समज होतो की माणूस मुद्दाम वाचत नाही. संवादशास्त्रात प्रेषकाला स्वीकारणाऱ्याची परिस्थिती कळत नाही या समस्येवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण पाठवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४५ ची गाडी पकडून पाहावी असा साधा उपाय कोणी सुचवलेला नाही.

जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन वसई रोड आणि विरार यांमधील वाहतूक थांबली होती आणि वसई परिसरातील वीजही गेली होती. त्या दिवसांत 'बॅटरी संपली होती' हे कारण प्रथमच मोठ्या संख्येने खरे ठरले, आणि ते ऐकून घेण्यासाठी मात्र पलीकडे कोणाचाच फोन चालू नव्हता.

तंत्रज्ञानाचे मूल्यमापन सर्वांत अवघड होते ते गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअॅप समूहात. बहुतेक संस्थांमध्ये दोन समूह असतात: एक केवळ सूचनांसाठी, ज्यात सर्व जण बोलतात, आणि एक गप्पांसाठी, ज्यात कोणी बोलत नाही. पाणी हा येथील जीवनाचा मध्यवर्ती विषय. शहराला सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून पाणी येते, आणि ते उद्या कमी दाबाने येईल किंवा येणारच नाही, ही सूचना सेक्रेटरी रात्री साडेदहाला टाकतात. तिच्या आधी चौदा सुप्रभात, एक हळदीचा उपाय आणि हरवलेल्या मांजराचे छायाचित्र असते. तिच्या नंतर लगेच कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो आणि मग केकच्या चित्रांखाली पाणी गडप होते. सकाळी नळ कोरडा पाहिल्यावर 'कळवायला नको होते का?' असा प्रश्न विचारणाऱ्यांत रात्री केक पाठवणारेच आघाडीवर असतात.

सेक्रेटरींच्या हातात यावर एक शस्त्र आहे. समूहातील संदेशावर बोट दाबून धरले की तो कोणाकोणाला पोहोचला आणि कोणी वाचला याची यादी दिसते; वैयक्तिक संभाषणातील निळ्या खुणा बंद करता येतात, समूहातील करता येत नाहीत. ही यादी वार्षिक सभेत वाचून दाखवण्याची धमकी अनेक सेक्रेटरी देतात आणि प्रत्यक्षात कोणीच वाचत नाहीत, कारण यादीत त्यांच्या स्वतःच्या सौभाग्यवतींचे नाव 'पोहोचला'च्या रकान्यातच थांबलेले असते. सूचनेखाली येणारे अंगठे हाही पुरावा मानता येत नाही. अंगठा वाचल्याची खूण नसून सुटल्याची खूण आहे. तो दिला की पुढे काही विचारले जात नाही, एवढ्याचसाठी तो दिला जातो. नुकत्याच झालेल्या निधनाच्या वार्तेखालीही तो आढळतो, यावरून त्याचा आशयाशी असलेला संबंध किती आहे हे ध्यानात येईल.

शेवटी चेअरमन वॉचमनला पाठवतात. वॉचमन प्रत्येक दाराची घंटी वाजवतो, 'काकू, उद्या पाणी नाही, भरून ठेवा' असे सांगतो, आणि दार उघडणारी व्यक्ती ते ऐकल्याखेरीज तो हलत नाही. उपयुक्तता पूर्ण, वापरायला सोपे, शिक्षणाची अट नाही, चार्जिंग चहावर होते, आणि न मिळाल्याची सोय शून्य. वरील विवेचनाप्रमाणे असे साधन लोकांना अप्रिय वाटायला हवे. प्रत्यक्षात सोसायटीतील सर्वांत विश्वासू साधन म्हणून सर्व जण त्याचेच नाव घेतात, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याने सांगितले नाही म्हणून भांडणही होते.

या विसंगतीतच या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. वापरकर्ता म्हणून ज्याचे मत विचारले जाते तो माणूस एक नसतो. संदेश पाठवताना त्याला निळ्या खुणा हव्या असतात, यादी हवी असते, तत्काळ उत्तर हवे असते. तोच संदेश दुसऱ्याकडून येतो तेव्हा त्याला खाडी हवी असते. पाण्याच्या बाबतीत तो वॉचमन मागतो, आणि वर्गणीच्या बाबतीत टपाल खाते. कंपन्यांच्या प्रश्नावलीत 'आपण या सेवेबाबत किती समाधानी आहात?' असे विचारून एक ते पाच तारे पुढे केले जातात, आणि उत्तर देणारा त्या क्षणी कोणत्या बाजूला उभा होता याची नोंद होत नसल्यामुळे साऱ्या साधनांना साडेतीनच्या आसपास तारे मिळत राहतात. पैसे थकलेल्या ग्राहकाचे आणि पैसे थकवलेल्या ग्राहकाचे एकाच सेवेविषयी एकच मत असावे, ही अपेक्षाच शास्त्रशुद्ध नव्हे.

तेव्हा यापुढे वसई-विरारमध्ये असे सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांनी प्रत्येक माणसाला तेच प्रश्न दोनदा विचारावेत, एकदा पाठवणारा म्हणून आणि एकदा मिळवणारा म्हणून, आणि दोन्ही वेळा वेगळे उत्तर मिळाल्यास ते चूक समजून खोडू नये. प्रश्नावली व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, तिच्याखाली केवळ अंगठे येतील. ती वॉचमनच्या हाती द्यावी. आणि काहीही झाले तरी सकाळी आठच्या आत विरारहून सुटणाऱ्या गाडीत ती भरून घेण्याचा आग्रह धरू नये, कारण त्या वेळी उत्तर असले तरी पेन धरायला हात मोकळा नसतो.